कुलंगवर दोन रात्री : आधी पाणी आणि घड्याळ, मग सामान

प्रश्न थोडक्यात असा : ठाण्याचे पाच जण, त्यांत १३ वर्षांची एक मुलगी आणि ५८ वर्षांचे एक काका, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळसूबाईच्या रांगेतल्या कुलंग गडावर दोन रात्री राहायचं म्हणतायत. आजवरचे त्यांचे मुक्काम धरणाकाठच्या कॅम्पवरचे. तिथे तंबू आधीच लावलेला असतो, संडास असतो, सकाळी पोहे येतात. आता 'काहीच नसलेल्या जागी' जायचंय. सोबत २२ वस्तूंची यादी जोडून विचारलंय, यात काय राहिलं?

राहिलं काहीच नाही. उलट आठ वस्तू घरी ठेवा : कोळशाची पिशवी, भाजायची जाळी, घडीच्या खुर्च्या, स्पीकर, फेरी लाइट, कुऱ्हाड, लोणच्याची काचेची बरणी आणि डिओ. खुर्च्या नुसतं ओझं, बाकीच्या का नकोत ते पुढे येईलच. पण दोन गोष्टी यादीत कुठेच नाहीत, कारण त्या दुकानात मिळत नाहीत. गावातून किती वाजता निघणार, आणि वरचं पाणी कसं काढणार, कसं वापरणार? मी नाशिकची. १९९९ पासून या रांगेत फिरते, आधी कॉलेजच्या ग्रुपबरोबर, पुढे लोकांना घेऊन. कुलंगवर तीसेक रात्री झोपले असेन. ज्या रात्री वाईट गेल्या, त्या तंबू चांगला नव्हता म्हणून गेल्या असं एकदाही झालं नाही. दर वेळी एक तर उशीर झालेला होता, नाही तर पाण्याचा घोळ.

कुलंगची उंची १४७० मीटर. पायथ्याच्या आंबेवाडीत उतरून समोर बघितलंत की डावीकडून अलंग, मदन, कुलंग अशी रांग दिसते. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये उडवल्या, म्हणून तिथे आजही दोर लावावा लागतो. कुलंगला दोर लागत नाही. नुसते पाय लागतात, पण भरपूर लागतात. गावापासून माथा साधारण ८०० मीटर वर आहे. आधी शेतं आणि रान, मग अंगावर येणारा चढ, आणि सगळ्यात शेवटी कातळात खोदलेल्या गुडघाभर उंचीच्या पायऱ्या. म्हणजे सगळ्यात अवघड टप्पा येतो तो तुम्ही सगळ्यात जास्त दमलेले असताना. कुलंगचं खरं कुलूप हेच.

पाठीवर मुक्कामाचं ओझं असलेल्या नवख्या माणसाला आंबेवाडीतून वर पोचायला पाच-सहा तास धरा. इंटरनेटवर 'साडेतीन तास' असं लिहिलेलं असतं, ते रिकाम्या पाठीच्या पोरांचं. डिसेंबरात इकडे सहाच्या आत सूर्य मावळतो आणि साडेसहाला मिट्ट काळोख. वर पोचल्यावर पाणी भरायचंय, तंबू लावायचाय, संडासची जागा बघून ठेवायचीय. हे सगळं उजेडी व्हायला हवं. उलटा हिशेब केलात तर गावातून आठ ही शेवटची वेळ. साडेसात त्याहून बरे. त्यासाठी आदल्या रात्रीच गावात येऊन झोपा. घोटीहून सकाळच्या गाडीने येऊन त्याच दिवशी चढायचा विचार करू नका. गाडी कधी येते, कधी येत नाही.

हे मी शिकवते आहे खरी, पण २००६ च्या डिसेंबरात मीच हे केलं होतं. सात जण होतो, टॉर्च दोन. घोटीत मिसळ खाण्यात तास घालवला आणि आंबेवाडीत पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ओट्यावर बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "ताई, आता नका निघू. पायऱ्यांत अंधार गाठंल." मी हसून म्हटलं, होतंय की बाबा, पोरं तरणी आहेत. पायऱ्यांच्या खालच्या टप्प्याशी आलो तेव्हा सव्वासहा झाले होते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे जेमतेम सात माणसं पाय पोटाशी घेऊन बसतील एवढी जागा. तिथेच बसलो. एकाच्या हातातून स्लीपिंग बॅग सुटली. ती खाली जाताना झाडांत घसटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. सगळ्यांत मिळून सव्वा लिटर पाणी आणि चिक्कीची दोन पाकिटं. सकाळी उजाडल्यावर चढलो तर माथा चाळीस मिनिटांवर होता. परतताना बाबांच्या ओट्यावर थांबले. त्यांनी काही विचारलं नाही, चहा दिला. तेव्हापासून माझा नियम एकच : दुपारी साडेबाराला पायऱ्यांच्या बऱ्याच खाली असलो, तर त्या दिवशी वर जायचं नाही. रानातच सपाटी बघून राहायचं किंवा गावात परतायचं.

यासाठीच वाटाड्या घ्या. कुलंगच्या खालच्या रानात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की मोबाइलवरचा नकाशाही गोंधळतो. गावातला माणूस बरोबर असला की तास-दीड तास वाचतो, आणि तो वर राहणार नसेल तर निदान पायऱ्यांपर्यंत सोडून येतो. मजुरी आधी ठरवा आणि त्याच्या जेवणाचं आपल्यात धरा. चढाईला पाणी माणशी तीन लिटर. वाटेत मिळेल असं समजून चालू नका. पावसाळ्यातले ओहोळ डिसेंबरपर्यंत आटलेले असतात.

आता वरचं पाणी. कुलंगवर ते भरपूर आहे, आणि इतक्या उंचीवर दोन रात्री राहता येतं ते त्याच्याच जिवावर. कातळात खोदलेल्या टाक्यांचा मोठा समूह आहे. एका घळीत पाणी अडवायला घडीव दगडांची भिंत बांधून तिला गोमुख ठेवलंय. दुसऱ्या दिवशी ते नीट बघा. एवढ्या उंचीवर धरणच बांधलंय म्हणा ना. पण सगळी टाकी पिण्यालायक नसतात. एखाद्यात गाळ, एखाद्यात शेवाळ, एखाद्यात आधीच्या गटाने भांडी विसळलेली. पोचल्यावर सॅक उतरवून आधी सगळ्या टाक्यांवर फिरा, मग ठरवा. पाणी स्वच्छ दिसणं हा एक निकष झाला. माझा दुसरा असा की, टाक्याच्या वरच्या अंगाचा उतार बघायचा. तिथे कुणी चूल मांडली असेल, घाण केली असेल, तर पाणी कितीही नितळ दिसो, ते टाकं सोडायचं.

पाणी काढायचीही एक रीत आहे. बूट काढून काठाशी गुडघे टेकून बसा. पृष्ठभागावर बारीक हिरवी साय असते, डासांच्या अळ्याही वरच असतात. बाटली सरळ बुडवलीत तर हे सगळं पहिल्याच घोटात आत जातं. म्हणून बाटली उलटी धरायची, तोंड खाली. हात कोपरापर्यंत आत न्यायचा आणि तिथे बाटली सुलटी करायची. आतली हवा बुडबुडत वर येते आणि बाटलीत खालचं थंड, स्वच्छ पाणी भरतं. पाणी खोल गेलेलं असेल तर काठावरून वाकू नका. शेवाळलेला कातळ साबणासारखा असतो, आणि टाक्यात पडलेल्या माणसाला बाहेर यायला आत पायरी नसते. डब्याला दहा-बारा मीटरची दोरी बांधून सोडायचा, बरोबर एक दगड टाकायचा म्हणजे तो कलतो आणि बुडतो. मुलीला टाक्यावर एकटीला पाठवू नका. या एका बाबतीत मी कडक आहे.

मग गाळणं. जुन्या सुती साडीचा तुकडा आणा, नवं कापड नको. धुऊन धुऊन जुन्याची वीण दाट झालेली असते. त्याच्या चार घड्या घालून गाळा. नंतर पिण्याच्या पाण्यात क्लोरिनची गोळी. किती लिटरला किती, ते वेष्टनावर असतं. अर्धा तास थांबायचं. आधी गाळायचं कारण गढूळ पाण्यात गोळीचा जोर वाया जातो. सगळंच पाणी उकळून प्यायचं असं तुम्ही लिहिलंय. हिशेब करून बघा. पाच माणसं, प्यायला माणशी रोज तीन लिटर, दोन दिवस, म्हणजे ३० लिटर. गॅसच्या २३० ग्रॅमच्या कॅनिस्टरवर वारा नसताना बारा-पंधरा लिटर पाणी उकळतं, कुलंगच्या वाऱ्यात त्याहून कमी. नुसत्या पिण्याच्या पाण्यात तीन कॅनिस्टर संपतील आणि खिचडी कच्ची राहील. तेव्हा प्यायला गोळी, गॅस स्वयंपाकाला आणि चहाला.

स्वयंपाकाचं एक शास्त्र इथे उपयोगी पडतं. १४७० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ कुकरशिवाय शिजता शिजत नाही. राजमा, छोले तर विसराच. मूगडाळ-तांदळाची खिचडी, पिठलं, उपमा, शेवया. मूगडाळ दुपारी डब्यात भिजत घातलीत की संध्याकाळी अर्ध्या गॅसमध्ये होते. पहिल्या दोन जेवणांना चूल पेटवूच नका. दशम्या, तिळाची चटणी, ठेचा, गूळ आणि गावातून घेतलेल्या भाकऱ्या. भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तम राहते, तिसऱ्या दिवशी कुस्करून ताकाशिवायही जाते, भूक असते ना. लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. फुटलेली बरणी मी त्या पायऱ्यांवर एकदा पाहिली आहे, तेल आणि काचा, दोन्ही एकाच पायरीवर.

कोळसा आणि कुऱ्हाड का नको? डिसेंबरात माथ्यावरचं गवत कमरेइतकं आणि कागदासारखं वाळलेलं असतं, वाऱ्याला आडोसा नसतो. एक ठिणगी उडाली तर अर्धा गड काळा होतो, आणि पळायला चहूबाजूंनी कडे आहेत. शिवाय रान वनखात्याचं आहे, लाकूडतोड हा गुन्हा आहे. शेकोटीशिवाय कॅम्पिंग कसलं, असं तुमच्यातलं कुणी तरी म्हणेलच. त्याला सांगा की शेकोटी पुढून भाजते आणि पाठ गारच ठेवते. लवकर जेवून स्लीपिंग बॅगेत शिरलेला माणूस जास्त ऊबेत असतो. स्टोव्ह सपाट कातळावर, गवत दोन हात साफ करून, आणि शेजारी पाण्याने भरलेलं भांडं. वारा अडवायला पत्रा लावाल तर कॅनिस्टरला चारी बाजूंनी कोंडू नका, तो तापतो. आणि बंद तंबूत स्टोव्ह कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच घात होतो.

थंडीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. उंच म्हणजे जास्त थंड, हे दिवसा खरं. हिवाळ्याच्या निवांत रात्री गार हवा खाली ओघळून दरीत साचते, त्यामुळे पहाटे कधी कधी आंबेवाडीतलं शेत माथ्यापेक्षा जास्त गारठलेलं असतं. वर छळतो तो वारा, आणि खालून कातळ. पारा पाच ते दहा अंशांत राहील असं धरून तयारी करा. महागड्या स्लीपिंग बॅगेपेक्षा खालच्या चटईवर पैसे घाला. बॅगेचा खालचा कापूस अंगाच्या भाराने दबतो, दबलेल्या कापसात हवा उरत नाही, आणि रात्री तीनला कमरेखालून दगड बोलायला लागतो. फोमची जाड चटई, तिच्याखाली वर्तमानपत्रांचा थर. काकांना दोन चटया द्या. झोपताना सगळे घामट कपडे बदला, मोजे सुद्धा. कानटोपी घाला. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी घेतली की मुलगी पहाटेपर्यंत उठणार नाही.

गुहा की तंबू, असं विचारलंय. कुलंगवर दोन गुहा आहेत. शनिवार-रविवारी तिथे आधीच कुणी असण्याची शक्यता मोठी. मी स्वतः तंबूच घेते, आणि त्याला कारण पाऊस नाही, उंदीर आहेत. किल्ल्यांवरच्या गुहांतले उंदीर पिढ्यानपिढ्या ट्रेकर लोकांच्या शिध्यावर पोसलेले आहेत. ते सॅकची चेन उघडायच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ कापड कुरतडतात. खायचं सगळं एका पिशवीत बांधून दोरीवर अधांतरी टांगा. सॅकची तोंडं उघडी ठेवा, म्हणजे आत काही नाही हे त्यांना न कुरतडताच कळतं. दिवसा वानरं येतात, तेव्हा एक जण सामानापाशी हवाच.

तंबू खुंट्यांशिवायही उभा राहणारा घ्या. माथ्यावर चार बोटं मुरूम आणि खाली कातळ, खुंटी अर्ध्यात वाकते. दोऱ्या डोक्याएवढ्या दगडांना बांधायच्या, तेही सुटे पडलेले दगड. तटाचे, जोत्याचे दगड उपसू नका. दगड उचलताना आधी काठीने हलवा, आपल्याकडे ओढून उलटा, बोटं खाली घालू नका. विंचू आणि फुरसं दोघांची ती आवडती जागा. खळग्यात तंबू लावू नका आणि कड्यापासून तीसेक पावलं मागे राहा. रात्री लघवीला उठलेला माणूस झोपेत असतो.

सापांचं सांगायला हवं, पण घाबरवायला नाही. डिसेंबरात ते सुस्त असतात, मी कुलंगवर इतक्या वर्षांत एकच घोणस पाहिली, तीही उन्हात पसरलेली. मला काळजी वाटते ती मण्यारची. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक की पुष्कळदा जाग येत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, तेव्हा कळतं. तंबूची चेन पूर्ण लावून झोपलं की हा धोका जवळपास संपतो. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो अवयव काठ्यांच्या आधाराने स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, आणि लगेच मदत मागवा. उतारा फक्त दवाखान्यात मिळतो, त्यासाठी घोटी किंवा इगतपुरी गाठायची.

सापांपेक्षा जास्त भीती आग्या मोहोळाची. कड्यांच्या पोटाला ती लटकलेली असतात. धूर, उग्र वास, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. डिओ आणि स्पीकर घरी ठेवायला सांगितला तो म्हणून. (स्पीकरला माझा दुसराही आक्षेप आहे, पण तो आवडीनिवडीचा.) पायऱ्यांच्या आसपास फोटोसाठी शिट्ट्या मारत उभे राहू नका. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत, तोंड-मान झाकून शांतपणे पण भरभर तिथून निघायचं. पायऱ्यांवर असाल तर धावू नका, कातळाला चिकटून अंगावर चादर ओढून बसा.

संडासचं विचारायला तुम्हाला अवघड वाटलंय, ते वाक्यावरून कळलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टाकी सगळी उतारावर खोदलेली आहेत, म्हणजे वरच्या अंगाला पडलेलं सगळं पावसात टाक्यात येतं. म्हणून जागा टाक्यांच्या खालच्या अंगाला, किमान शंभर मोठी पावलं दूर. छोटं खुरपं न्या. वीतभर खड्डा जिथे झुडपं आहेत तिथेच खणता येतो, कारण माती तिथेच आहे. झाल्यावर माती ओढून वर दगड. वेट वाइप्स कुजत नाहीत. एक तर नेऊ नका, नाही तर वापरलेले चेनच्या पिशवीत घालून परत आणा. पाळीचंही तसंच. मुलीला आणि तुम्हाला तारखा नसल्या तरी पॅड बरोबर ठेवा. एवढ्या चढाईनंतर तारखा पुढे-मागे झालेल्या मी खूप पाहिल्यात. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत, खाली घेऊन यायची. पुरत नका जाऊ, कोल्हे-कुत्री उकरतात. पहिल्या संध्याकाळी मुलीला बरोबर नेऊन जागा दाखवा, शिट्टी द्या, आणि तिथे कुणी गेलं की ओढणी झुडपाला बांधून ठेवायची असं ठरवा. दाराची कडी समजा ती.

रेंज माथ्यावर एखाद्या कडेला मिळते, खाली रानात मुळीच नाही. फोन विमान मोडवर ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते, रात्री तो स्लीपिंग बॅगेत घ्या. घरच्या एका माणसाकडे आणि वाटाड्याकडे एकच वेळ लिहून ठेवा : तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आम्ही गावात नसलो तर हालचाल करा. ११२ हा आपत्कालीन नंबर आहेच. पण गडावरून माणूस उतरवायचं काम शेवटी गावकरी आणि डोंगरी बचाव पथकंच करतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन निघण्याआधीच फोनमध्ये टाकून ठेवा.

काका आणि मुलगी. मुलीची मला चिंता नाही. १३ वर्षांची पोरं चढताना आपल्याला मागे टाकतात. तिच्या पाठीवर तीन-चार किलोंपेक्षा जास्त देऊ नका आणि पायऱ्यांवर तिच्या खालच्या बाजूला एक मोठा माणूस ठेवा. काकांना गुडघ्यांचं विचारा, आणि स्पष्ट विचारा. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. कुलंग उतरताना वसूल करतो. त्या उंच पायऱ्या उतरताना दर पावलाला गुडघ्यावर सगळा भार येतो. निघण्याआधी महिनाभर त्यांना ठाण्यात आठ-दहा मजले जिन्याने, पाठीवर पाच किलो घेऊन, उतरायला लावा. चढायला लिफ्ट वापरली तरी चालेल. हे करून गुडघा सुजला तर काकांनी कुलंग सोडावा. त्यांच्यासाठी रतनगडाच्या पायथ्याला रतनवाडीत राहून अमृतेश्वराचं देऊळ बघणं हाही काही कमी आनंद नाही.

दोन रात्रींचा बेत केलात हे मला फार आवडलं. बहुतेक लोक एक रात्र राहतात, म्हणजे दमून झोपतात आणि उठून उतरतात. खरा मुक्काम दुसऱ्या दिवशी सुरू होतो. सकाळी पूर्व टोकाला जा. मदन इतका जवळ दिसतो की हाक मारावीशी वाटते. त्याच्यामागे अलंग, आणि पलीकडे कळसूबाई. दुपारी काही करू नका. संध्याकाळी पश्चिमेच्या कड्यावर. तुमची तारीख १३-१४ डिसेंबरच्या आसपास येते, तेव्हा मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव ऐन भरात असतो. चंद्र कधी मावळतो ते पंचांगात बघून ठेवा. मध्यरात्रीनंतर मृग नक्षत्र डोक्यावरून पश्चिमेकडे कलतं, तेव्हा चटया बाहेर ओढून, बॅगेत शिरून आडवे पडा. टॉर्च बंद. फेरी लाइट यासाठी नको होते.

पावसाळ्यात मात्र कुलंगवर मुक्कामाचा हट्ट कधी धरू नका, 'आता अनुभव आलाय' म्हणून तर नाहीच. धुक्यात पायऱ्यांचं तोंड सापडत नाही आणि भिजलेला माणूस वाऱ्यात किती लवकर गारठतो, याचा अंदाज घरी बसून येत नाही. डिसेंबरातही अवकाळी पाऊस येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा आणि त्यात विजा असतील तर बेत पुढे ढकला. त्या सपाट माथ्यावर तुम्ही सोडून उंच काहीच नसतं.

उतरायला तिसऱ्या दिवशी नऊच्या आत निघा. रात्रीच्या दवाने पायऱ्यांवरचं गवत ओलं असतं, म्हणून फार पहाटेही नको. कचरा मोजून आणा : वर नेलेल्या पाकिटांची संख्या निघताना लिहून ठेवा, खाली तेवढीच रिकामी पाकिटं हवीत. आणि भाकऱ्या गावातल्या मावशींना आदल्या संध्याकाळीच सांगा, पिठाचे आणि कष्टाचे पैसे आधी देऊन. सकाळी सात वाजता दारात उभं राहून वीस भाकऱ्या मागितल्यात, तर त्या हो म्हणतील, थापतील, आणि तुमचे आठचे साडेनऊ तिथेच होतील.